रीत, वळण आणि ‘मॉरल’



मंगळवारच्या मिस्सेत संत मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचला गेला. मिस्सेला नेहमीची आठ-दहा माणसे होती. त्याच दिवशी बारावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली. दहावीचीही आता तोंडावर आली आहे. त्या अध्यायात परुशी येशूला विचारतात की, तुझे शिष्य वाडवडिलांची रीत का पाळत नाहीत? हात न धुता का जेवतात? येशू हात धुण्याच्या प्रश्नात अडकत नाही. तो त्यांना ‘कुर्बान’ची आठवण करून देतो. म्हाताऱ्या आईबापांच्या पोटापाण्यासाठी जे द्यायचे, ते ‘देवाला वाहिले आहे’ असे एकदा म्हटले की मुलगा मोकळा. अशी ती पळवाट होती, आणि लोकांनी तिला रीत म्हणून मान्यताही दिली होती. आईबापांचा मान राखा ही देवाची आज्ञा, आणि ती चुकवायला सर्वांनी मिळून मान्य केलेली रीत.

हे वाचन आणि ती परीक्षा एकाच दिवशी आली, म्हणून आज एका इंग्रजी शब्दाविषयी लिहावेसे वाटते. शब्द तुमच्या मुलांच्या तोंडी रोज असतो: मॉरल.

गोष्ट संपली की बाई विचारतात, ‘मॉरल काय?’ आपल्या लहानपणी त्याला ‘तात्पर्य’ म्हणत. कॉन्व्हेंट शाळांत मॉरल सायन्सचा तास असतो. अनेक ठिकाणी त्या तासाला कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीची मुले मॉरल सायन्सला बसतात. त्यामुळे आपल्या काही मुलांचा असा समज झालेला मी पाहिला आहे की मॉरल हे इतरांसाठी असते, आपल्याला कॅटेकिझम पुरे! वर्तमानपत्रात हाच शब्द ‘नैतिक’ होऊन येतो. निवडणूक हरलेला पक्ष नैतिक विजय सांगतो. मंत्री नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा देतात. निदान कधी कधी देतात. १९५६ साली आजच्या तेलंगण आणि तमिळनाडूतल्या रेल्वे अपघातांनंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडले. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. २००८ साली मुंबईवरील हल्ल्यानंतर आर. आर. पाटील गृहमंत्रिपदावरून दूर झाले. रुळावरची चूक शास्त्रींच्या हातून झाली नव्हती, तरी त्यांनी ती आपल्या अंगावर घेतली. कायदा जिथे थांबतो त्याच्या पुढे काहीतरी असते आणि त्याला आपण नैतिक म्हणतो, एवढे यावरून सर्वांना कळते. पण ते काहीतरी म्हणजे नेमके काय?

‘नीती’ हा आपला शब्द ‘नी’ या धातूपासून आला. नी म्हणजे नेणे. जी नेते ती नीती. ‘नेता’ हा शब्दही तिथूनच आला. कुठे नेते हे मात्र त्या शब्दात सांगितलेले नाही. म्हणून राजनीती, कूटनीती हेही शब्द त्याच्यापासूनच झाले आणि त्यांत चांगुलपणा असतोच असे नाही. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या आणि त्यांचे पुस्तक १८२८ साली निघाले, तेव्हा त्याला नाव मिळाले ‘इसापनीती’. त्या गोष्टी आठवून पाहा. कोल्हा कावळ्याच्या तोंडातला घास पळवतो, आणि तात्पर्य काय, तर स्तुतीला भुलू नका. कोल्ह्याने चोरी केली याविषयी इसाप एक शब्द बोलत नाही. तिथे नीती म्हणजे शहाणपण, जगात फसू नये म्हणून लागणारे.

आता मॉरल. हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला तो बनवणारा माणूस आपल्याला ठाऊक आहे, ही गोष्ट शब्दांच्या बाबतीत क्वचित घडते. ख्रिस्तजन्मापूर्वी ४४ साली रोमचा वक्ता सिसेरो याने दैवाविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. ग्रीक लोक ज्याला ‘एथिकोस’ म्हणतात त्याला आपल्या लॅटिन भाषेत शब्द नाही, तेव्हा भाषेची श्रीमंती वाढवायला आपणच एक करावा, असे म्हणून त्याने ‘मोरालिस’ हा शब्द घडवला. ‘मोस’ या जुन्या लॅटिन शब्दावरून त्याने तो केला. आणि मोस म्हणजे काय? रीत. चाल. पद्धत.

रोमन लोकांना या शब्दाचा मोठा अभिमान होता. ‘वाडवडिलांची रीत’ हा त्यांच्या बोलण्यातला शेवटचा दाखला असे. तो दिला की वाद मिटला. आपल्या पहिल्या हुतात्म्यांवर जे आरोप झाले त्यांत एक मोठा आरोप हाच होता की या लोकांनी पूर्वजांची रीत सोडली. ३११ साली सम्राट गॅलेरियसने ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवणारा हुकूम काढला. त्या हुकुमातसुद्धा, सवलत देता देता, त्याने हीच तक्रार नोंदवून ठेवली आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला हे शिकताना आम्हा मुलांना जरा गंमत वाटली होती आणि जरा भीतीही. मॉरल या शब्दाच्या मुळाशी जर ‘सगळे करतात ते’ एवढेच असेल, तर मग येशूचे परुश्यांशी भांडण कशासाठी? सगळे हुंडा घेतात, तर हुंडा मॉरल. सगळे काट्यात मारतात, तर काटा मारणे मॉरल. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट घरोघर जाते आणि सगळे घेतात, तर तेही. आज पुष्कळ शिकलेली माणसे अगदी असेच बोलतात. नीती म्हणजे त्या त्या समाजाची सवय, दुसरे काही नाही, असे ते म्हणतात, आणि पुराव्याला हाच शब्द पुढे करतात.

त्यांचे अर्धे खरे आहे. पण सिसेरोने ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर केले, तो ग्रीकमध्ये एक नसून दोन आहेत. दोन्ही ऐकायला सारखेच. एकातला ‘ए’ आखूड आणि दुसऱ्यातला लांब. आखूड ‘एथोस’ म्हणजे रीत, सवय, पद्धत. लांब ‘एऽथोस’ म्हणजे माणसाचे शील, त्याची मूळ घडण. लॅटिनमध्ये दोन्हींना एकच शब्द मिळाला, मोस, आणि तिथून गोंधळ सुरू झाला. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा गोंधळ ओळखला आणि नीट सोडवून सांगितला. सद्गुणाला मॉरल म्हणतात ते दुसऱ्या अर्थाने, म्हणजे आतल्या ओढीवरून, असे त्यांनी म्हटले. पण पुढे हेही म्हटले की दोन्ही अर्थ शेजारी आहेत, कारण जी गोष्ट आपण पुन्हा पुन्हा करतो तिचीच पुढे ओढ होऊन बसते.

त्या लांब शब्दाचा सगळ्यांत जुना अर्थ तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. होमरच्या ‘इलियड’ काव्यात सहाव्या सर्गात एक घोडा दावे तोडून सुटतो आणि मैदान ओलांडून धावत सुटतो. कुठे? जिथे तो रोज जातो तिथे, नदीवर, कुरणात, घोड्यांच्या नेहमीच्या जागी. त्या जागेला कवीने वापरलेला शब्द हाच आहे. म्हणजे नीतिशास्त्राला जगभर ज्या शब्दावरून एथिक्स म्हणतात, तो मुळात जनावराच्या ठाणाचा शब्द आहे.

सोनाळ्यात हे समजावून सांगायला नको. सातपुड्याच्या बाजूला चरायला गेलेली गुरे दिवेलागणीला गावात शिरतात, तेव्हा कोणी एकेका गाईला हाताला धरून घरी नेत नाही. कळप फुटतो आणि जी ती आपल्या गोठ्याकडे वळते. विकत आणलेला नवा बैल मात्र चार-आठ दिवस जुन्या मालकाच्या वाटेला लागतो. त्याला नवे ठाण अंगवळणी पडावे लागते. यशया प्रवाद्याने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात बैल आणि गाढव यांचा दाखला देऊन इस्राएलला लाजवले आहे, तो याच अनुभवावरचा. जनावराला मालकाची गव्हाण कळते, आणि माणसाला?

नव्या करारात हा लांब शब्द एकदाच येतो, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात. वाईट संगतीने चांगले शील नासते अशा अर्थाची एक म्हण संत पौलाने तिथे दिली आहे, आणि ती मेनँडर नावाच्या ग्रीक नाटककाराची समजली जाते. एका नाटकातली ओळ पवित्र शास्त्रात आली याचे मला नेहमी कौतुक वाटते. आपल्याकडे हेच सांगायला नाटकाची गरज पडली नाही. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. इथेही बैलच, आणि इथेही ठाणच.

मराठीत या दोन्ही अर्थांना मिळून एक सुंदर शब्द आहे, तो म्हणजे वळण. मुलाला वळण लावतात, अक्षराला वळण असते, रस्त्यालाही असते. ‘त्या घराचे वळणच तसे’ असे आपण म्हणतो तेव्हा रीत आणि शील दोन्ही त्यात येतात. मला विचाराल तर मॉरल शब्दाला ‘नैतिक’पेक्षा ‘वळणाचा’ हा शब्द जास्त जवळचा आहे. शासन काही तो स्वीकारणार नाही.

आता परीक्षेकडे येतो.

मागे एक पालक भेटले होते, दुसऱ्या गावचे. चांगला कष्टाळू माणूस. मुलाच्या बारावीविषयी विचारले, तर आनंदाने म्हणाले, “फादर, सेंटर चांगलं भेटलं पोराले.” मला आधी वाटले, सेंटर घराजवळ आले असेल. मग लक्षात आले की ‘चांगले सेंटर’ म्हणजे जिथे कॉपी चालते ते. मी काही बोलायच्या आत तेच पुढे म्हणाले, “साऱ्यायचेच पोट्टे करतात. आपल्याच पोरानं इमानदारीत मांगं राहावं का?”

त्या ‘चांगलं’ शब्दावर मी पुष्कळ दिवस विचार केला आहे. त्या माणसाला खोटे बोलायचे नव्हते, काही लपवायचेही नव्हते. आखूड एथोसमध्ये जे बसते त्याला त्याने सहज चांगले म्हटले. रीत शब्दाचा अर्थच बदलून टाकते तो असा.

ही रीत आजची नाही. परीक्षेतल्या गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८२ सालीच स्वतंत्र कायदा केला. एरवी कायदा करायची वेळ आली नसती. दरवर्षी कॉपीमुक्त अभियान असते, भरारी पथके असतात. आणि तरी ३ मार्च २०२३ रोजी आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात, बारावीच्या गणिताच्या पेपरची पाने परीक्षा सुरू होण्याच्या आधी मोबाइलवरून फिरली. त्या दिवशी विधिमंडळाचे अधिवेशन चालू होते, तिथे गदारोळ झाला. अटक झालेल्यांत शिक्षक होते. जिजाऊंच्या जन्मगावाचे नाव त्या आठवड्यात राज्यभर गाजले ते या कारणाने. भिंतीवर चढून खिडकीतून चिठ्ठ्या देणाऱ्या मुलांचे फोटो आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आणि हसत आलो. पेपर फोडणारा हात त्या हसण्यातूनच मोठा झाला, असे मला वाटते.

आईबापांवर दगड टाकणे मात्र मला जमत नाही. शाळेत गणिताला शिक्षक नाही, असलाच तर त्याच्याकडे चार कामे. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलगा निम्मे दिवस शेतात. सोयाबीनचा भाव पडलेला. शहरातल्या मुलाला लाखाचे क्लास, आणि इथल्या मुलाने मात्र सोवळे पाळावे? हा प्रश्न खोटा नाही. बापाला एकच दार दिसते आणि त्या दारावर टक्केवारी लिहिलेली असते. त्याच्या डोळ्यांतली भीती मी पाहिली आहे. म्हणून कुमसारात येऊन कोणी मुलगा म्हणाला की ‘फादर, कॉपी केली’, तर मी त्याला आधी हेच विचारीन की तुला ते पुस्तक कोणी शिकवले होते का?

तरीही कॉपीला पाप म्हणावेच लागते. सातव्या आज्ञेत चोरी येते आणि आठव्या आज्ञेत खोटी साक्ष. उत्तरपत्रिकेवर स्वतःचा बैठक क्रमांक लिहून दुसऱ्याचे उत्तर खाली उतरवणे म्हणजे ‘हे मला येते’ अशी साक्ष देणे. ज्या मुलीने रात्र जागून अभ्यास केला, तिची जागा त्या साक्षीने जाते. ती मुलगीही कोणाची तरी लेक आहे आणि तिच्याही बापाचा कापूस त्याच भावाने गेला आहे. शहरातला श्रीमंत मुलगा या कॉपीने मागे पडत नाही. मागे पडते ती आपल्याच शेजारची पोर.

पण मला आज पापाच्या यादीपेक्षा वळणाचे जास्त सांगायचे आहे. ॲरिस्टॉटल म्हणतो की घरे बांधून बांधूनच माणूस गवंडी होतो, तसा न्यायाची कामे करून करूनच न्यायी होतो. याची उलट बाजूही त्याने सांगितली आहे: वाईट बांधत राहिलेला वाईट गवंडी होतो. बांधणे दोघांनीही केले, शिकलेही दोघे. मग कॉपी करून मुलगा काय शिकला? रसायनशास्त्र नाही. अडचण आली की कुठे वळायचे, ते तो शिकला. सतरा वर्षांच्या वयात त्याला ठाण मिळाले. पुढे तो तलाठी होईल, नर्स होईल, बँकेत बसेल, एखादे दिवशी धर्मगुरूही होईल, आणि जेव्हा कोणी पाहत नसेल आणि दावे सुटलेले असेल, तेव्हा तो आपल्या पायांनी तिकडेच जाईल.

संत ऑगस्टीन यांना हे स्वतःवरून कळले होते. ‘कबुली’ या ग्रंथात त्यांनी सवयीला साखळी म्हटले आहे. पहिली कडी स्वतःच्या हाताने घातलेली, आणि शेवटची कडी घातली जाईपर्यंत माणसाला वाटत राहते की आपण मोकळेच आहोत. त्यांची साखळी तुटली, पण ३८७ साली बाप्तिस्मा घेईपर्यंत त्यांनी किती वर्षे झटापट केली आणि आई मोनिका किती रडली, हे आपल्या मातांना ठाऊक आहे. देवाची कृपा नवे ठाण देऊ शकते यावर आपला विश्वास आहे. पण नव्या बैलाचे ते चार-आठ दिवस कृपेच्या वाटेवरही लागतात.

रीत मोडायची तरी कशी मोडावी, याचे एक उदाहरण मराठीतच आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ते आपल्या प्रॉटेस्टंट भावंडांपैकी होते. पण ख्रिस्ती मराठी माणूस कोणत्याही चर्चचा असो, टिळक पतिपत्नींना तो आपलेच मानतो. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. पुढे दोघे पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नव्हते. टिळकांनी सक्ती केली नाही. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले असेल त्यांना ते प्रसंग आठवतील. लक्ष्मीबाई आपल्याच हट्टाला हसतात, पण हट्ट सोडत नाहीत. आणि मग एक दिवस त्या स्वतःशी विचार करत बसल्या: ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली म्हणावी, तर त्याची काही खूण दिसेना. माणसाने केली असे मनाला पटले, आणि त्यांनी शिवाशीव टाकली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

मला यात दोन गोष्टी मोठ्या वाटतात. नवऱ्याच्या नव्या समाजाची रीत म्हणून त्यांनी सोवळे सोडले नाही. तसे केले असते तर एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात बांधून घेतल्यासारखे झाले असते. आणि ज्या कसोशीने त्यांनी सोवळे पाळले होते, त्याच कसोशीने ते सोडल्यावर माणसे जवळ केली. परक्या मुलांना पोटाशी धरणाऱ्या लक्ष्मीबाई त्या पुस्तकात पानोपानी भेटतात. वळण जुनेच, पण त्याला दिशा नवी मिळाली.

आपल्या ख्रिस्तसभेतला पहिला मोठा वादही याच शब्दावर झाला होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यहूदियातून काही माणसे अंत्युखियाला येतात आणि म्हणतात की मोशेच्या रीतीप्रमाणे सुंता केल्यावाचून तारण नाही. मूळ ग्रीकमध्ये ‘रीत’ या ठिकाणी आखूड एथोस आहे आणि लॅटिन बायबलमध्ये मोस. पौल आणि बर्णबा जेरुसलेमला गेले, पेत्र बोलला, याकोब बोलला, आणि ठरले की रीत तारत नाही. हे झाले नसते तर सोनाळ्यात आज मिस्सा झाली नसती. आपण सगळे त्या निर्णयाची लेकरे आहोत, म्हणून ‘सगळेच करतात’ हे वाक्य इतर कोणाच्याही तोंडी एक वेळ शोभेल, आपल्या तोंडी कसे शोभावे?

यावरून कोणी असे समजू नये की येशूला रीतीचा तिटकारा होता. आखूड एथोस हा शब्द नव्या करारात बारा वेळा येतो आणि त्यांतल्या दहा जागा संत लूकच्या लेखणीच्या आहेत. (उरलेल्या दोहोंपैकी एक इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे. सभेला न येण्याची काहींना जी सवय लागली आहे, तिच्याविषयीची ती ओळ. रविवारी उशिरा येणाऱ्यांनी ती घरी जाऊन अवश्य काढून पाहावी.) लूकने हा शब्द दोनदा येशूच्या आयुष्याला लावला आहे. एकदा येशू बारा वर्षांचा असताना: सणाच्या रीतीप्रमाणे योसेफ आणि मरिया त्याला घेऊन जेरुसलेमला गेली. ती रीत आईबापांची होती. मुलगा त्यांच्याबरोबर चालत गेला, इतर मुले जातात तसा.

दुसऱ्यांदा तो शब्द बाविसाव्या अध्यायात येतो. शेवटचे भोजन झाले आहे. यहूदा बाहेर पडला आहे. कोण येणार, कशासाठी येणार, हे येशूला माहीत आहे. त्या रात्री जेरुसलेम सणासाठी आलेल्या माणसांनी भरून गेले होते. दडायचे म्हटले तर जागा पुष्कळ होत्या. आणि लूक लिहितो की तो आपल्या रीतीप्रमाणे जैतुनांच्या डोंगराकडे गेला. तोच शब्द. आता ती योसेफ-मरियेची रीत राहिली नव्हती. प्रार्थनेची ती जागा त्याची स्वतःची झाली होती, इतकी की संत योहान सांगतो, यहूदालाही ती ठाऊक होती, कारण येशू शिष्यांना घेऊन वारंवार तिथे जात असे. ज्या सवयीने तो पकडला जाणार होता, ती सवय त्याने त्या रात्रीही मोडली नाही. घाम रक्तासारखा गळत होता, शिष्य झोपले होते, तेव्हा त्याचे पाय रोजच्याच जागी गेले आणि गुडघे तिथेच टेकले.

या चाळीसेक ओळींनी कोणाचे पोर पास होणार नाही, हे मला समजते. म्हणून काही कामाच्या गोष्टी. उद्या सोमवारपासून दहावीचे पेपर संपेपर्यंत चर्चचा हॉल रोज संध्याकाळी सात ते दहा अभ्यासासाठी उघडा राहील. मुलांनी यावे, मुलींनी जरूर यावे. मुलींना घरी पोचवायला जाणाऱ्या दोन-तीन मोठ्या माणसांची गरज आहे, त्यांनी आज मिस्सेनंतर थांबावे. आपल्यात पदवीपर्यंत गणित किंवा विज्ञान शिकलेले जे कोणी असतील, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. इंग्रजीचे मी पाहीन. पेनांना आशीर्वाद पुढल्या रविवारी सकाळच्या मिस्सेत देऊ. पेन आणि हॉल तिकीट दोन्ही आणावे. कोणत्याही धर्माच्या मुलाला यायला हरकत नाही, शेजारच्यांना सांगा.

हॉलमधल्या चार ट्यूबलाइटपैकी दोन लागत नाहीत. ज्याला त्या उद्या सातच्या आत बसवता येतील त्याने मला भेटावे.

आपला,
फादर